जिथे लांबचं निळं होत नाही : स्पितीत जलरंगांचे दहा दिवस

सह्याद्रीत आउटडोअर करत हात तयार झालेल्या चित्रकाराला अंतर दाखवायची एक युक्ती अंगवळणी पडलेली असते. पहिली रांग गडद हिरवी, तिच्यामागची निळसर, तिसरी फिकट जांभळट आणि चौथी जवळजवळ आभाळातच मिसळलेली. प्रत्येक रांगेला थोडं पाणी वाढवायचं, थोडा निळा वाढवायचा, झालं. ही किमया खरं तर हवेची. बाष्प आणि धूळ प्रकाश विखुरतात; डोंगर जितका लांब, तितका मधला हवेचा पडदा जाड.

हिमाचलच्या स्पिती खोऱ्यात हा पडदा जवळपास नसतोच. मोसमी पाऊस हिमालयाच्या अलीकडच्या उतारांवरच रिकामा होतो. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के उरतो आणि हवा कोरडी ठणठणीत. वीस किलोमीटरवरचा कडा दोन किलोमीटरवरच्या कड्याइतकाच तांबूस, तितकाच धारदार दिसतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शिमल्याहून आत शिरून मनालीकडे उतरणारा हा फेरा त्यासाठीच आखला होता. युक्ती बंद पडली की चित्रात काय उरतं, ते पाहायला.

सामान मोजकं. ३०० जीएसएमचा पूर्ण सुती, कोल्ड प्रेस्ड कागद, पाव इम्पिरियल म्हणजे साधारण २८ × ३८ सेंमी, चारही बाजूंनी चिकटवलेल्या ब्लॉकमध्ये. सुटे कागद आणि मास्किंग टेप हा घाट इथे चालत नाही. कोरड्या थंडीत टेप सुटते आणि वाऱ्यात कागदाचं शीड होतं. रंग आठ: यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, लाइट रेड, रॉ अंबर, अल्ट्रामरीन आणि सेरुलियन हे दोन निळे, आणि एक गार पिवळा. एक मोठा मॉप ब्रश, एक बारा नंबरचा गोल, एक रिगर (बारीक रेघांसाठीचा लांब केसांचा ब्रश). ट्यूबा घरीच पॅनमध्ये भरून, दोन दिवस वाळवून नेलेल्या बऱ्या. भरलेली ट्यूब उंचावर न्यायचीच असेल, तर तोंड वर धरून झाकण अगदी हळू फिरवावं. आत अडकलेली हवा बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे फुगलेली असते आणि अल्ट्रामरीन बोटांवर येतो.

पहिला आणि दुसरा दिवस : कल्पा

शिमला, नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ असा दिवसभराचा प्रवास. कल्पा २,९०० मीटरच्या थोडं वर. इथे दोन रात्री काढायच्या त्या विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम चित्रकाराने तर जास्तच पाळावा. डोकं दुखत असताना माणूस चालू शकतो, टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, ठरवू शकत नाही.

सफरचंदांचा हंगाम ऐन भरात होता. गल्लीगल्लीत पेट्या भरणं चाललेलं, आणि कुणीही उभ्या उभ्या दोन सफरचंदं हातात ठेवत होतं. समोर किन्नर कैलास. सतलजच्या दरीतून सकाळी बाष्प वर चढतं, त्यामुळे इथे लांबचे सुळके अजून निळे होतात, देवदारांची रांग गडद पडते, जुनी युक्ती झकास चालते. त्यामुळे काम छान झालं आणि नवं काही हाती लागलं नाही. कल्प्याची चार चित्रं पुढच्या दिवसांशी ताडून पाहायला उपयोगी, एवढंच त्यांचं मोल.

तिसरा दिवस : खाब, नाको, ताबो

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. पूल ओलांडून रस्ता नाकोकडे चढायला लागला की तासाभरात हिरवा रंग पॅलेटवरून जवळपास हद्दपार होतो. गावांभोवती ओलिताचा हिरवा तुकडा असतो, तोही शिवलेल्या ठिगळासारखा, कडेला सरळ रेघ मारून संपणारा. तिथून पुढे गेरू, राख, हळकुंड आणि वाळलेल्या रक्ताचा तांबडा.

हे रंग आणि पॅनमधले रंग मुळात एकच. यलो ऑकर म्हणजे पाणी धरून असलेलं लोहाचं ऑक्साइड. लाइट रेड म्हणजे तेच लोह, पाणी गेलेलं. रॉ सिएना भट्टीत भाजला की बर्न्ट सिएना होतो, तोही याच कारणाने. समोरच्या उतारावर लोहयुक्त खडक हवापाण्याने गंजत तेच काम लाखो वर्षं करतोय. म्हणून स्पितीत रंग ‘जुळवायला’ फार मिश्रणं करू नयेत. तीन रंगांच्या वर गेलं की चिखल होतो. एक मातीचा रंग आणि एक निळा, यातच नव्वद टक्के काम भागतं.

नाकोच्या तळ्याकाठी कल्प्यानंतरचं पहिलं स्पॉट काम झालं आणि पहिला फटका बसला. आभाळाला ओल्यावर ओलं काम करायला कागद भिजवला, रंग कालवला, ब्रश टेकवला, तोवर वरचा कोपरा वाळून गेलेला. सखल भागात सात-आठ मिनिटं ओला राहणारा वॉश (पाणीदार रंगाचा थर) इथे दोन-अडीच मिनिटांत मरतो. जिथे वाळतो तिथे कडक कड पडते, मग ती बुजवायला पुन्हा पाणी, की फुलकोबीसारखे दंतुर डाग उमललेच.

यावर उपाय आहेत. कागद ब्लॉकमधून सोडवून दोन्ही बाजूंनी पाच मिनिटं भिजवायचा आणि ॲक्रिलिकच्या पातळ पत्र्यावर चिकटवायचा. खालचं पाणी वरच्या बाजूला ओल पुरवत राहतं. ब्लॉकवरच काम करायचं असेल, तर रंगाच्या पाण्यात ग्लिसरीन घालायचं, अर्ध्या लिटरला आठ-दहा थेंब. जास्त घातलं तर चित्र संध्याकाळपर्यंत चिकट राहतं आणि त्याच्यावर स्पितीची बारीक धूळ कायमची बसते. रंग मात्र आधी कालवून, ढिगाने तयार ठेवायचा, आणि ब्रश नेहमीपेक्षा दोन नंबर मोठा घ्यायचा. ओला कागद समोर ठेवून रंग शोधत बसणं ही इथली सगळ्यात महाग चूक.

नाकोनंतर मालिंगच्या नाल्यावर अर्धा तास खोळंबा झाला; वरून दगड येत होते. दुपारी तिथे पोचू नये, सकाळी ओलांडावा. मुक्काम ताबोला.

चौथा दिवस : ताबो

ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा. बाहेरून पाहिलं तर मातीच्या मोठ्या ढेकळांचा पुंजका. सरळ कडा नाही, टोकदार कोपरा नाही. जमिनीचाच एक भाग जरा वर उचलल्यासारखा. आत मुख्य मंदिरात भिंतींवर माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती, त्यांच्या खाली-वर हजार वर्षांची भित्तिचित्रं. फोटो काढायला मनाई आहे. रंग काढायचे तर प्रश्नच नाही. पेन्सिलनेसुद्धा आधी लामांना विचारून.

ही मनाई चित्रकाराच्या पथ्यावर पडते. आत अंधार. छतातल्या झरोक्यातून येणारा उजेड आणि एक विजेरी, तीही भिंतीपासून लांब धरलेली. डोळे सरावायला दहा मिनिटं सहज जातात. मग आधी निळा दिसायला लागतो, तांबडा बराच नंतर. कमी उजेडात डोळा निळ्या-हिरव्याला जास्त दाद देतो, त्याचा हा परिणाम. एकाच मूर्तीसमोर दहा मिनिटं बसायचं, बाहेर यायचं, अंगणातल्या उन्हात पाठीमागे न पाहता पाच मिनिटांत रेखाटायचं, पुन्हा आत जाऊन काय चुकलं ते पाहायचं. तीन फेऱ्यांत हातात फक्त महत्त्वाचं उरतं: मानेचा कल, खांद्यापासून कोपरापर्यंतची एक लांब रेघ. तिसऱ्या फेरीला दाराशी बसलेल्या वयस्कर लामांनी वही मागून घेतली, उलटी-सुलटी पाहिली, आणि एका रेखाटनावर बोट ठेवून हिंदीत म्हणाले, “हाथ छोटा है.” खरंच लहान होता.

भित्तिचित्रांत एक गोष्ट ठळक दिसते. लांबची आकृती फिकट केलेली नाही. मागे असलेलं वर मांडलंय, महत्त्वाचं मोठं काढलंय, आणि एकावर एक आकार ठेवून मागचं-पुढचं सांगितलंय. याला आपण सरसकट ‘शैली’ म्हणून मोकळे होतो. ज्यांनी ही चित्रं काढवून घेतली, त्यांच्या दाराबाहेर लांबचं फिकट होतच नव्हतं. नात्याचा पुरावा कुणी मागू नये, पण दाराबाहेर पाऊल टाकल्यावर ही जोडी डोळ्यांना खटकत राहते.

ताबोत जेवण साधं आणि गरम. थुक्पा, वाफवलेला टिंग्मो, आणि छरम्याचा आंबट केशरी चहा. छरमा म्हणजे नदीकाठची काटेरी झुडपं. त्या फळांचा केशरी रंग हा इथला एकमेव भडक रंग. पॅलेटवर ठेवावा आणि बहुतेक वेळा वापरू नये.

पाचवा दिवस : धनकर

सगळ्या प्रवासात एकाच ठिकाणी थांबायचं असेल, तर धनकरला. उंची ३,९०० मीटरच्या आसपास. भुसभुशीत मातीचे सुळके, त्यांच्या टोकावर चिकटलेला जुना गोंपा म्हणजे बौद्ध मठ, आणि खाली पिन आणि स्पिती यांचा संगम, राखी पाटाच्या विणलेल्या धाग्यांसारखा पसरलेला. कड्यावरच्या जुन्या इमारतीत एका वेळी फार माणसं सोडत नाहीत, कारण खालची माती झिजतेय, रांगेत थांबावं.

सकाळी साडेसहाला गच्चीवर काम सुरू झालं. इथेच दुसरी सवय मोडली. निसर्गचित्रात आभाळ सगळ्यात उजळ, हे इतक्यांदा खरं ठरतं की ते नियमासारखं डोक्यात बसतं. १ म्हणजे कोरा कागद आणि ९ म्हणजे काळा, अशी टोनची पट्टी धरली तर कोकणातलं दुपारचं आभाळ २ वर असतं, डोंगर ५ ते ७ वर. धनकरला नऊ वाजता थेट उन्हातला समोरचा उतार २ वर होता आणि त्याच्या मागचं आभाळ ५ वर! वर डोक्यावर तर ६. डोक्यावरची हवा विरळ, त्यामुळे विखुरणारा प्रकाश कमी, म्हणून आभाळ गडद. डोंगर उजळ आणि आभाळ काळपट, हे मान्य करायला हात तयार होत नाही. पहिली दोन चित्रं याच अविश्वासामुळे गेली: आभाळ फिकट ठेवलं, मग डोंगर उजळ दिसावा म्हणून कागद कोरा सोडावा लागला, आणि उन्हाऐवजी बर्फ पडल्यासारखं दिसायला लागलं.

जमलेल्या चित्राचा क्रम असा. आधी ४ × ६ सेंमीचं थंबनेल म्हणजे चिमुकलं कच्चं रेखाटन, तीनच टोनमध्ये, पेन्सिलने. मग संपूर्ण कागदावर, आभाळासकट, ऑकरचा पातळ वॉश. तो उन्हाचा टोन. तो पूर्ण वाळल्यावर सगळ्या सावल्या एकाच वेळी, एकाच मिश्रणाने, अल्ट्रामरीन आणि थोडा बर्न्ट सिएना. जवळची सावली, लांबची सावली असा भेद करायचा नाही. शेवटी आभाळ, डोंगराची कड कापत, वरून खाली. क्रम महत्त्वाचा, कारण सावल्या धावतात. सूर्य वर येतो तसा एखादा सुळका वीस मिनिटांत सावलीतून पूर्ण बाहेर येतो. सावली आधी पकडली की डोंगर आपोआप उभा राहतो. डोंगर आधी रंगवायला घेतला तर सावली येईपर्यंत ती जागेवर नसते.

सावलीचा रंग हा वेगळाच विषय. खाली मैदानात सावलीत आजूबाजूच्या झाडांचा, ढगांचा, धुक्याचा उजेड मिसळतो. इथे सावलीला उजेड पुरवणारं फक्त गडद निळं आभाळ, आणि समोरचा उन्हातला उतार असेल तर त्याची ऊब. म्हणून सावलीची वरची, आभाळाकडे तोंड असलेली बाजू निळी आणि खालची, समोरच्या उताराकडे वळलेली बाजू तांबूस. ओल्या सावलीत खालच्या कडेला लाइट रेडचा एक थेंब सोडला की पुरतं. पण त्यासाठी सावली अजून ओली हवी, म्हणजे पुन्हा ग्लिसरीन.

अकरानंतर वारा सुटला. दरी तापली की दुपारचा वारा ठरलेला. तो सूर्य कलेपर्यंत थांबत नाही. तिपाई ईझलला खाली दगडांची पिशवी टांगली तरी ब्लॉक थरथरतो. छत्री विसरा. दुपारी भिंतीआड बसून वहीत रेषांचं काम करावं. होमस्टेच्या आमांनी (घरच्या वडीलधाऱ्या बाईंनी) आपणहून गोठ्याच्या आडोशाला घोंगडी अंथरून दिली आणि वर नमकीन चहा ठेवला. ब्रश चुकून त्याच्यात बुडाला, तो आमांनीच पाहिला. हसू आवरल्यावर त्यांनी कप बदलला.

सहावा दिवस : काझा

विश्रांती, आंघोळ, एटीएम, डिझेल. पुढच्या गावांत रोख लागते, ती इथूनच न्यावी. आधीची सगळी चित्रं इमारतीच्या आत, खिडकीच्या उजेडात मांडून पाहिली तर निम्मी गडद निघाली. कारण साधं: उन्हात ठेवलेल्या कागदावरचा रंग चकाकतो, म्हणून हात त्याला खाली ओढतो, घरात आणल्यावर तो मेलेला दिसतो. कागद नेहमी आपल्या अंगाच्या सावलीत धरावा. गॉगल काम करताना काढावा, कारण रंगीत काच पॅलेटशी खोटं बोलते. मधल्या वेळात मात्र लावावाच. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. त्याच कारणाने अ‍ॅलिझरिन क्रिमझनसारखा उडणारा रंग इथे आणूच नये.

सातवा दिवस : लांगझा, हिक्किम, कोमिक

लांगझा ४,४०० मीटर. मागे चाऊ चाऊ कांग निल्दा, ६,३०३ मीटर, बर्फाचा स्वच्छ त्रिकोण. गावाच्या वर मोठी बुद्धमूर्ती. इथली काळी शेल दगडं फोडली की आत ॲमोनाइटचे, म्हणजे नामशेष झालेल्या शंखवाल्या समुद्री जिवांच्या जीवाश्मांचे, वळसे सापडतात. कधीकाळी हा सगळा प्रदेश टेथिस समुद्राचा तळ होता. मुलं खिशातून शंख काढून दाखवतात. पाहावेत, रेखाटावेत, विकत घेऊ नयेत, उचलूही नयेत. एका मुलीच्या तळहातावरचा ॲमोनाइट रिगरने काढला. तिने ते चित्र शंखाशेजारी धरून बराच वेळ तपासलं आणि वळशांची संख्या मोजली. एक कमी होता.

आजचा अभ्यास अंतराचाच. शिखर किती लांब आहे, हे पाहून कळत नव्हतं. एक हात लांब केला तर बर्फ बोटाला लागेल असं वाटत होतं. ड्रायव्हर किन्नौरी. त्याला विचारलं, तर म्हणाला, “किलोमीटर नहीं पता. सुबह निकलो तो शाम को भी वहीं दिखेगा.” याच उत्तरात चित्राची किल्ली होती. समोरच्या शेतात बार्लीची कापणी चालू होती, बायका ओळीने वाकलेल्या. पेंढ्यांचे ढीग जवळ गुडघाभर, मग वीतभर, मग टिंब, मग नुसता पोत. रंग एकच, टोन एकच, फक्त आकार आणि दाटी बदलते. एवढ्यानेच कागदावर दोन किलोमीटर खोली आली. शिखराला हात लावायची गरज पडली नाही. कोरा कागद सोडला आणि दोन सावल्या दिल्या.

दुसरं साधन ढग. दुपारी विखुरलेले ढग आले की त्यांच्या सावल्या उतारांवरून सरकतात. मधली रांग सावलीत, मागची उन्हात: बाष्प जे काम करतं ते ढग करतो, तेही हव्या त्या क्रमाने. ढगाची सावली एका जागी दोन-तीन मिनिटंच टिकते, म्हणून ती आली की थंबनेलवर तिची रूपरेषा मारून ठेवायची आणि पुढे डोळ्यांवर विश्वास न ठेवता त्या रूपरेषेवर ठेवायचा. ढगसावली टाकताना डोंगराचा चढ-उतार तिच्या कडेत उतरला पाहिजे. सरळ पट्टी ओढली तर उतारावर चादर टाकल्यासारखं दिसतं.

हिक्किमचं टपाल कार्यालय जगातल्या सर्वांत उंच कार्यालयांपैकी एक म्हणून ओळखलं जातं, रांग असते. घरून पोस्टकार्डाच्या आकाराचा जलरंगाचा कागद कापून नेला, तर चित्रच पाठवता येतं. पत्ता बॉलपेनने लिहावा, आणि चित्राच्या बाजूवर पांढरी मेणबत्ती हलकी घासून कापडाने पुसावी. मेणाचा पातळ थर पावसाचे थेंब झेलतो. नाहीतर खाली मैदानात पोचेपर्यंत आभाळ शेतात उतरलेलं असतं.

आठवा दिवस : की, किब्बर, चिचम

की गोंपा सगळ्यांनी पाहिलेला असतो, कॅलेंडरवर तरी. त्यामुळे तिथे काम करणं अवघड. समोरच्या वळणावर सगळे उभे राहतात तिथूनच उभं राहिलं की तेच कॅलेंडर पुन्हा निघतं. मागच्या बाजूने, वरून पाहिलं तर पांढऱ्या चौकोनांची उतरंड आणि खाली नदीचा पट एकत्र येतात, आणि गोंप्याचा आकार नदीच्या धाग्यांशी बोलायला लागतो. पांढऱ्या भिंती कोऱ्या ठेवू नयेत. उन्हातल्या भिंतीला ऑकरचा अगदी पातळ हात, सावलीतल्या भिंतीला सेरुलियन; कोरा कागद फक्त खिडक्यांच्या वरच्या ओठाला.

चिचमचा पूल २०१७ मध्ये झाला. त्याआधी लोक तारेवरच्या पाळण्यातून स्वतःला ओढत दरी ओलांडत. पुलावरून खाली पाहताना कळतं की उभ्या दरीचं चित्र काढायला आडवा कागद निरुपयोगी. ब्लॉक उभा धरून, वरचे तीन-चतुर्थांश दरीला. मुक्काम किब्बरला.

नववा दिवस : लोसर, कुंझुम, चंद्रताल

चिचमहून हलमार्गे लोसर, मग साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड. पलीकडे रस्ता म्हणजे नदीपात्रच. चंद्रताल साधारण ४,२५० मीटर. तळ्याकाठी तंबू ठोकायला बंदी आहे. तंबूंची जागा दोनेक किलोमीटर अलीकडे, तिथून चालत जावं लागतं. सप्टेंबर सरता सरता तंबू उठतात, तारखा आधी विचारून घ्याव्यात. रात्री जेवायला राजमा-भात. या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून राजमा कुकरशिवाय जन्मात शिजत नाही; ज्याचा कुकर चांगला, त्याचा तंबू चांगला.

तळ्याचा रंग तासागणिक बदलतो. संध्याकाळी पाच वाजता काठाला रॉ सिएना, मग हिरवट सेरुलियन, मध्यभागी अल्ट्रामरीन. काठाजवळ तळ दिसतो, खोल पाणी तांबडा प्रकाश गिळतं, आणि वर आभाळाचं प्रतिबिंब. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण सगळा निळाच दिसतो. काठ आधी रंगवावा, तो वाळला की वरून निळा ओढावा, पाण्याची रेघ डोळ्यांच्या पातळीला अगदी आडवी. ती तसूभर जरी कलली तरी तळं सांडतं.

रात्री पारा शून्याखाली. पहाटे बाटलीत बर्फ. पातळ वॉश कागदावर टाकला की अर्ध्या मिनिटात त्यात नेच्याच्या पानांसारखे स्फटिक उगवतात, आणि रंगद्रव्य त्यांच्या फटींमध्ये ढकललं जातं. पाहतच राहावं असं. काहीजण मुद्दाम हे करतात. पण ते टिकवायचं तर कागद गारठ्यातच, सावलीत, आडवा ठेवून पूर्ण वाळू द्यावा लागतो. तंबूत नेला की वितळून नुसता डाग उरतो. स्फटिक नको असतील तर रंगाच्या पाण्यात थोडं अल्कोहोल घालावं, गोठणबिंदू खाली जातो. मात्र वॉश आणखी लवकर वाळतो, कडा आणखी कडक होतात. एक दुखणं देऊन दुसरं घेणं. सूर्य तंबूवर येईपर्यंत पेन्सिल चालवणं सगळ्यात शहाणपणाचं.

दहावा दिवस : अटल बोगदा, नग्गर

बातल, ग्राम्फू, मग अटल बोगदा. नऊ किलोमीटर, दहा-बारा मिनिटं. लाहौलच्या बाजूने राखी-तपकिरी डोंगर सोडून आत शिरायचं आणि बाहेर पडायचं ते ओल्या देवदारांत, धुक्यात. पहिल्याच वळणावर समोरची रांग निळी झालेली. आठवडाभराने हा निळा पाहताना तो आयता, जवळजवळ गुळगुळीत वाटतो.

नग्गरला रशियन चित्रकार निकोलस रोरिख १९२८ पासून १९४७ मध्ये निधन होईपर्यंत राहिले. राहत्या घरात आता चित्रांचं दालन आहे. सकाळी गर्दी कमी. त्यांचं बरंचसं काम टेम्परात, म्हणजे चकाकी नसलेला, मॅट पृष्ठभाग. दालनात कुठेही उभं राहिलं तरी काच चमकल्यासारखं होत नाही. स्पितीतून उतरून इथे आलं की त्यांची चित्रं वेगळी वाचता येतात. सखल भागातून थेट येणाऱ्याला ते डोंगर कल्पनेतले वाटतात: कापून लावल्यासारख्या कडा, सपाट पट्टे, नको तितका निळा. पण लांबच्या कडा कुठेही विरघळलेल्या नाहीत. मागचं शिखर पुढच्याइतकंच ठाम, आणि खोली येते ती पट्ट्यांच्या उतरंडीतून, एका सावलीतल्या रांगेमागे उजेडातली रांग ठेवून. निळ्याने ते वेळ दाखवतात, पहाट किंवा दिवेलागण. अंतर दाखवायला तो फारसा कामाला लावलेला दिसत नाही. एकेका चित्रासमोर वहीत तीन टोनचं थंबनेल काढावं. दहा चित्रांत हे गणित हातात येतं.

दहा दिवसांत चौतीस कागद झाले. त्यातले अकरा ठेवण्याजोगे. स्टुडिओत मोठं चित्र याच अकरांवरून करायचं, फोटोवरून नव्हे. फोटोत कॅमेरा आभाळ उजळवतो आणि सावल्या काळ्या पाडतो, म्हणजे स्पितीत जे शिकलो तेच पुसून टाकतो. प्रत्येक कागदाच्या मागे तिथल्या तिथे चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: जागा, वेळ, ऊन कुठून, आणि आभाळाचा टोन आकड्यात. आकडा महत्त्वाचा. महिनाभराने दमट हवेत बसून धनकरच्या कागदामागे ‘आभाळ ५, उतार २’ असं वाचलं, तरच हात आभाळात तेवढा गडद रंग भरायला धजतो.